तीन इंची ते सहा इंची: रिवाइंडरच्या झटपट बदलणाऱ्या चकच्या नोंदी

८ जानेवारी २०२४

आज हाताने काहीच केलं नाही. घड्याळ लावून मशीनशेजारी उभी राहिले, एवढंच. रिवाइंडर म्हणजे पेपर कापून पुन्हा रोलांत गुंडाळणारं मशीन. त्यावर तीन इंची कोरचं, म्हणजे रोलच्या मधल्या पुठ्ठ्याच्या नळीचं, काम संपून सहा इंचीचं लागणार होतं. कोरचं माप बदललं की त्याला दोन्ही टोकांना आतून धरणारे चकही बदलावे लागतात. चार स्टेशनांपैकी दोन नंबरचं मी धरलं. शेवटचा रोल उतरला तिथपासून सहा इंची कोरवर पेपर चिकटला तिथपर्यंत ४३ मिनिटं गेली.

घरी येऊन त्यांची फोड केली. होइस्टची, म्हणजे वजन उचलणाऱ्या यारीची, वाट बघण्यात ९ मिनिटं. दुसऱ्या बाजूचा चक आणि दहा नंबरची ॲलन की शोधण्यात ६. बोल्ट सोडून पुन्हा लावण्यात ७. डायल (फिरताना चक किती हलतो ते दाखवणारा काटा) लावून चक मध्यावर आणण्यात १२. हवेची नळी जोडून गळती बघण्यात ५. उरलेली ४ मिनिटं कुठे गेली ते सांगता येत नाही. लोक इकडून तिकडे चालत होते.

माझा समज होता की खरा शत्रू बोल्ट. एका चकला एम-१२ चे सहा बोल्ट, दोन बाजूंचे मिळून बारा, आणि प्रत्येक सोडायचाही नि लावायचाही. पण बोल्ट सातच मिनिटांचे निघाले. डायलची बारा.

११ जानेवारी

झटपट बदलाचा विषय निघाला की जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांचं नाव येतंच. १९६९ मध्ये टोयोटात १००० टनी प्रेसचा डाय बदलायला चार तास लागत. तो वेळ आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आला. त्यांची पहिली पायरी साधी आहे: मशीन बंद असतानाच करावी लागणारी कामं एकीकडे, मशीन चालू असताना उरकता येतील ती दुसरीकडे. आमच्याकडे चक शोधणं, की शोधणं, होइस्ट मोकळा करणं ही तिन्ही कामं मशीन बंद ठेवून चालतात. चित्र न काढता, एक पैसा खर्च न करता त्यातली १५ मिनिटं सुटतील. स्टेशनशेजारी रॅक ठेवायला सांगितलं आहे.

बोल्टबद्दलही त्यांचं म्हणणं पटतं. बोल्ट आवळला जातो तो शेवटच्या आट्यावर आणि सुटतो तो पहिल्याच आट्यावर. मधले सगळे आटे म्हणजे नुसती वाटचाल.

१५ जानेवारी

आज आकडे. हे आधी केले नाहीत तर पुढे सगळं अंदाजपंचे होतं, हे एकदा शिकून झालं आहे.

आमचा सर्वांत मोठा रोल १००० मिमी व्यासाचा आणि १ मीटर रुंद. पेपरची घनता घनमीटरला ८०० किलो धरली तर वजन साधारण ६२० किलो भरतं. ताण मीटर रुंदीला ३०० न्यूटन. पूर्ण रोलची त्रिज्या अर्धा मीटर, म्हणून चालू असताना कोर फिरवायला १५० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. मोटर एकाच बाजूला आहे, दुसरी बाजू नुसता टेकू. म्हणजे हा सगळा टॉर्क एका चकमधून जातो. तीन इंची कोरची आतली त्रिज्या ३८ मिमी. तिथे हाच टॉर्क जवळजवळ ४००० न्यूटनचं बळ होऊन बसतो. पेपरवर ताण ३०० आणि कोरच्या आतल्या भिंतीवर ४०००! रोल वाढेल तसा पेपरच्या बाजूचा तरफेचा हात लांबत जातो, कोरचा मात्र ३८ मिमीवरच राहतो.

आता इमर्जन्सी स्टॉप. ६०० मीटर प्रतिमिनिट वेगाला पूर्ण रोल सेकंदाला २० रेडियनने फिरतो. जडत्व आघूर्ण ७८ किलो-मीटर वर्गाच्या आसपास. पाच सेकंदांत थांबवायचा तर ३१४ न्यूटन-मीटर लागतात. चालू टॉर्कच्या दुपटीहून जास्त, आणि दिशा उलटी.

यात एक बारकावा आहे. गुंडाळणाऱ्या रोलला पेपरचा ताण मागे ओढत असतो, म्हणजे थांबताना तो मदतच करतो. पेपर शाबूत असेल तर चकवर ३१४ वजा १५० एवढंच येतं. पेपर तुटला की मदत गेली, आणि पूर्ण ३१४ चकच्या गळ्यात. आमच्याकडे मशीन आपोआप थांबतं ते बहुतेक वेळा पेपर तुटल्यामुळेच. म्हणजे सर्वांत वाईट प्रसंग हाच नेहमीचा प्रसंग. चक ३१४ साठीच बांधायचा.

१९ जानेवारी

सकाळच्या बैठकीत ठरलेला प्रश्न आला: एअर शाफ्ट का नाही? हवा भरली की लग, म्हणजे शाफ्टमधले ठोकळे, वर येतात, कोर धरला जातो. कोरचा माप बदलला की शाफ्ट बदला. अरुंद रोलांना उत्तमच. पण आमच्या रुंदीचा सहा इंची शाफ्ट दोन माणसांना उचलवत नाही, आणि प्रत्येक रोल उतरवताना तो ओढून काढावा लागतो. आम्ही शाफ्ट सोडून आर्मवर, म्हणजे कोर दोन टोकांना चकने धरणाऱ्या हातांवर, आलो ते याच त्रासापायी. पुन्हा तिकडे जाणार नाही.

टॉर्कवर चालणारा यांत्रिक चकही बघितला. त्यात सपाट बाजूवर एक रोलर असतो. कोर किंचित घसरला की रोलर वर चढून कोरमध्ये रुततो, आणि टॉर्क जितका वाढेल तितकी पकड वाढते. कल्पना सुंदर आहे. हवा लागत नाही, नळी नाही, गळती नाही. पण आमच्याकडे प्रत्येक स्टॉपला टॉर्कची दिशा उलटते. रोलर एका बाजूने उतरून दुसऱ्या बाजूला चढेपर्यंत कोर मोकळा फिरतो आणि मग दणका बसतो. दिवसातून पंधरा-वीस दणके खाऊन कोरचा भुगा होईल. एकाच दिशेने ओढ असलेल्या अनवाइंडला, म्हणजे रोल उलगडणाऱ्या बाजूला, तो शोभेल. इथे नको.

२९ जानेवारी

पहिली आवृत्ती कागदावर आली. तीन इंची चक आर्मवर कायम ठेवायचा आणि सहा इंची काम आलं की त्यावर १५० मिमी व्यासाचं बूच चढवायचं. आतल्या चकचे लग फुगले की बुचातले तीन जबडे बाहेर सरकतात. बूच अडकवायला एल आकाराच्या तीन खाचा. ढकला, फिरवा, झालं. स्टीलचं केलं तर १२ किलो, ॲल्युमिनियमचं केलं तर ४. अर्थात ॲल्युमिनियम. होइस्टचा प्रश्नच मिटला.

शॉपवर याला पहिल्याच दिवशी 'टोपी' नाव पडलं. चित्रावरही तेच लिहिलं आहे.

१२ फेब्रुवारी

टोपीची पहिली चाचणी. बदलाला पाच मिनिटं लागली. ऑपरेटरने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

१४ फेब्रुवारी

टाळ्या परत घेते.

सहा इंची कोरवर सुरुवातीचे थर लागताना आर्म थरथरतो. रोल ४०० मिमीपर्यंत वाढला की थरथर आपोआप जाते, म्हणून परवा कोणाच्या लक्षात आलं नाही. कोरचा बाहेरचा व्यास १७२ मिमी, ६०० मीटर वेगाला तो मिनिटाला १११० फेरे घेतो. पूर्ण रोल घेतो फक्त १९१. थरथर सुरुवातीला येऊन पुढे विरत असेल तर आधी केंद्र तपासायचं. डायल लावला. टोपीच्या बाहेरच्या अंगावर काटा ०.३८ मिमी हलला. काढून पुन्हा बसवली: ०.४२. तिसऱ्यांदा: ०.३५, आणि उंच जागाही वेगळीच.

मुकाट्याने चढावी म्हणून टोपी आणि चक यांच्यात ०.१५ मिमी सैलपणा मीच ठेवला होता. त्यात तीन लग, तिन्हींची रबरं सारखी फुगत नाहीत, त्यामुळे ज्याचा जोर जास्त तो टोपीला आपल्याकडे ओढतो. जुन्या पद्धतीत डायलला जी बारा मिनिटं जात होती ती वाया जात नव्हती तर! मी ती बारा मिनिटं वाचवली नाहीत, नुसती गाळून टाकली.

कापलेल्या रोलांत कोरजवळचे थर सैल निघाले. चार रोल बाजूला काढले.

२० फेब्रुवारी

दुपारी ३.१० ला पेपर तुटला, मशीन थांबलं. साधारण ७०० मिमीचा रोल होता. मी ऑफिसात होते, आवाज तिथपर्यंत आला. धावत जाऊन बघते तर दोन नंबर स्टेशनवर रोल एका बाजूने कललेला आणि त्याची कड आर्मवर घासून काळी झालेली. मोटरच्या बाजूची टोपी जागेवरून २२ मिमी बाहेर सरकली होती. गार्ड बंद होता, जवळ कोणी नव्हतं. हे वाक्य लिहिताना बरं वाटतं, पण त्यात माझं कर्तृत्व शून्य.

ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, टोपी उडाली." उडाली नव्हती, पण त्याने अगदीच चुकीचं सांगितलं असंही नाही.

२१ फेब्रुवारी

टोपी टेबलावर घेऊन बसले. एल खाचांच्या एका बाजूला पिनेने ॲल्युमिनियम दाबून चकचकीत केलं आहे. ती गुंडाळण्याची दिशा. दुसऱ्या बाजूला, खाचेच्या तोंडाकडे, ताजे ओरखडे.

मी तीन पिनांना तीन कामं दिली होती. टोपी जागेवर धरा, बाहेर येऊ देऊ नका आणि टॉर्कही तुम्हीच न्या. गुंडाळताना टॉर्क पिनेला खाचेत आणखी आत दाबतो, तोवर सगळं ठीक. स्टॉपला टॉर्क उलटला की तोच पिनेला खाचेच्या तोंडाकडे ढकलतो, म्हणजे टोपी सोडवायला आपण हाताने जे करतो नेमकं तेच. १५ जानेवारीला 'दिशा उलटी' असं याच वहीत लिहिलं होतं, आणि चौदा दिवसांनी एल खाच काढली.

२६ फेब्रुवारी

टोप्या गोदामात. स्टेशन दोन पुन्हा बोल्टवर.

४ मार्च

टर्नर काकांना ओरखडलेली टोपी दाखवायला त्यांच्या लेथवर गेले. त्यांनी ती हातात फिरवली, काही बोलले नाहीत. मग लेथच्या चकच्या मागच्या कॅम पिना चौकोनी कीने अर्धा फेरा फिरवून सोडल्या, चक पाळण्यावर उतरवला आणि स्पिंडलचं, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्याचं, नाक फडक्याने पुसलं. म्हणाले, "हे बघा मॅडम. हा चक मी बावीस वर्षं काढतो-घालतो. डायल लावत नाही."

नाकावर लहानसा टेपर, म्हणजे निमुळता भाग, त्याच्या मागे सपाट फेस, म्हणजे चक टेकतो ती बाजू. टेपर मध्यावर आणतो, फेस सरळ धरतो, कॅम पिना फक्त मागे ओढतात. रोज समोर असलेली गोष्ट, आणि मी महिनाभर टोपीत डोकं घालून बसले होते.

"आणि फिरवायचं काम कोण करतं?" मी विचारलं.

"तेही बघा की," म्हणाले आणि चहाला गेले.

११ मार्च

दुसरी आवृत्ती. आर्मच्या स्पिंडलवर कायमचं नाक: लहान टेपर अधिक फेस. तीन इंची आणि सहा इंची अशी दोन वेगळी हेडं, दोन्ही त्याच नाकावर बसणारी. चकवर चक चढवणं बंद.

टेपर किती घ्यायचा यावर दोन दिवस गेले. ड्रिलच्या मोर्स टेपरसारखा २० ला १ घेतला तर पकड झकास, पण काढताना हातोडा लागतो. मिलिंगच्या स्पिंडलचा २४ ला ७ चटकन सुटतो. लेथच्या लहान नाकाचा ४ ला १, म्हणजे एका बाजूचा कोन ७ अंश ७ मिनिटं ३० सेकंद. तोच घेतला. सुटायला अडत नाही आणि काकांकडे त्याचा गेज आहे. दुसरं कारण पहिल्याहून वजनदार.

टेपर आणि फेस दोन्ही एकाच वेळी टेकायला हवेत, आणि खरी मेख तिथेच आहे. टेपर आधी घट्ट झाला तर फेस अधांतरी राहतो आणि हेड डुलतं. फेस आधी टेकला तर टेपर सैल राहतो आणि केंद्र जातं. म्हणून हाताने बसवल्यावर फेसमध्ये ०.०४ मिमी फट राहावी आणि ओढल्यावर ती मिटावी असं धरलं. ४ ला १ टेपरवर ०.०४ म्हणजे व्यासात ०.०१ मिमीचा ताणून बसणारा फिट. तेवढा स्टील सहन करतं. हेडाचा मागचा भाग त्यामुळे स्टीलचाच, पुढचं अंग ॲल्युमिनियमचं. वजन ७ किलोच्या आत.

ओढायला कडं: तीन उतार, ६० अंश फिरवलं की १ मिमी ओढ. कड्याच्या त्रिज्येवर ६० अंश म्हणजे ७३ मिमीचा प्रवास, त्यात १ मिमी चढ. उतार एक अंशही नाही, आपोआप सुटणं शक्य नाही.

टॉर्क न्यायला फेसवर दोन चाव्या, म्हणजे खाचेत बसणारे ठोकळे. कड्याचा टॉर्कशी संबंध नाही, चाव्यांचा केंद्राशी नाही. चाव्यांना खाचेत ०.०५ सैलपणा मुद्दाम ठेवला आहे, नाहीतर त्या टेपरशी भांडतील.

चित्र काकांना दाखवलं. चाव्यांवर बोट ठेवून म्हणाले, "हं."

२ एप्रिल

निळा रंग लावून, तो कुठे उमटतो ते बघत, टेपर जुळवणं सुरू. पहिल्या हेडाला निळा डाग फक्त मोठ्या तोंडाशी, एक कडं उमटल्यासारखा. काकांनी लेथची वरची स्लाइड केसभर वळवून पुन्हा एक हलका कट घेतला. चौथ्या वेळी डाग सगळीकडे पसरला. फिलर गेजची मोजक्या जाडीची पानं घालून फट बघितली: ०.०४ चं पान अडखळत जातं, ०.०५ चं जात नाही. पुढच्या तीन हेडांना हाच खेळ.

९ एप्रिल

काका रजेवर. काम बंद.

१६ एप्रिल

पकडीची यंत्रणा टेबलावर जोडली. आर्ममध्ये सिलिंडर, तो दांडा पुढे ढकलतो, दांडा हेडातल्या १० अंशांच्या शंकूला ढकलतो, शंकू तीन जबडे बाहेर सारतो. हवा काढली की हेडातल्या बारीक स्प्रिंगा जबडे आत घेतात. हेडात हवेचं काहीच नाही, त्यामुळे बदलताना नळी जोडायची नाही, गळती बघायची नाही.

कोर चढवला, हवा सोडली, जबडे रुतले. सगळे खूश. तेवढ्यात कोणाचा तरी पाय नळीवर पडला, नळी निसटली आणि कोर आपल्या वजनाने टेबलावर गडगडला.

नुसता कोर होता. त्याच्या जागी ६२० किलो असते तर?

२२ एप्रिल

उलटं केलं. पकड स्प्रिंगची, हवा फक्त सोडवायला. आर्ममध्ये तबकडी स्प्रिंगांची चळत दांड्याला कायम पुढे ढकलते, हवा भरली की पिस्टन दांडा मागे ओढतो. हवा गेली, वीज गेली, नळी तुटली, तरी पकड तशीच.

चळतीचं बळ २५०० न्यूटन घेतलं. १० अंशांचा शंकू, घर्षणांक ०.१२ धरला तर जबड्यांवर मिळून बाहेरचं बळ ८२०० च्या घरात. पोलाद आणि कोरचा पुठ्ठा यांचा घर्षणांक ०.३ धरला तर सहा इंचीवर १८८ न्यूटन-मीटर आणि तीन इंचीवर फक्त ९४. चालवायलाच १५० लागतात! म्हणजे गुळगुळीत जबड्याने तीन इंची पूर्ण रोल साधा फिरणारही नाही. पकड वाढवून सुटका नाही, कोर आतून फाटेल. जबड्यांना आडवे दात हवेत, रुतून बसणारे. जबडा १०० मिमी लांब, त्यावर १ मिमी उंचीचे पाच दात, असे तीन जबडे. ३१४ न्यूटन-मीटरला दातांच्या अंगावर दर चौरस मिमीला साडेपाच न्यूटन येतात.

दात झिजणार. म्हणून ते जबड्यावर न कापता वेगळ्या कडक केलेल्या पट्टीवर घेतले. पट्टी दोन स्क्रूंवर.

सिलिंडर ८० मिमीचा काढला होता. ६ बारला ३०१६ न्यूटन, २५०० च्या स्प्रिंगेला पुरेल असं वाटतं. पण दुपारी सगळी मशीन चालू असताना लाइनवर ५ बार दिसतात, तेव्हा उरतात २५१३. दांडा जागचा हलणार नाही आणि लोक हातोडा आणतील. १०० मिमीचा घेतला: ५ बारलाही ३९२७.

६ मे

वीस सहा इंची कोर आतून मोजले. नाव १५२.४ मिमीचं, प्रत्यक्षात १५२.१ ते १५२.९. काही कोर तर एकाच टोकाला दोन दिशांना वेगळे, उभे ठेवून दबलेले. पुठ्ठा आहे, हवेतला ओलावा घेतो-सोडतो, तक्रार कोणाकडे करायची.

व्यासात ०.८ म्हणजे त्रिज्येत ०.४, आणि १० अंशांच्या शंकूवर दांड्याला २.३ मिमी जास्त सरकावं लागतं. स्प्रिंगची चळत मिमीला १२० न्यूटन सोडते. म्हणजे सर्वांत मोठ्या कोरवर पकड ११ टक्के कमी. दात असल्यामुळे चालेल. दबलेले कोर मात्र परत पाठवायचे असं ठरलं. गोल नसलेल्या कोरला कोणताही चक गोल करत नाही.

१३ मे

कुलूप विसरलो होतो. दांडा पुढे असताना कोणी कडं फिरवलं तर २५०० न्यूटन हेड अंगावर फेकतील. दांड्याच्या मागच्या टोकाला एक आडवी पिन जोडली. दांडा पूर्ण मागे गेल्याशिवाय पिन कड्याच्या खाचेतून हटत नाही. काकांनी जोर लावून, मग पाइप लावून फिरवून बघितलं. फिरलं नाही. "आता रात्रपाळीला द्या," म्हणाले.

२० मे

स्टेशन दोनवर चढवलं. नाकावर डायल: ०.०१. सहा इंची हेड दहा वेळा काढून बसवलं, दर वेळी जबड्यांच्या टोकाशी मोजलं. सर्वांत कमी ०.०३, सर्वांत जास्त ०.०५. टोपीला ०.४२ होतं. तीन इंची हेडही ०.०३ ते ०.०५ मध्येच. त्याच्यावर जास्त लक्ष ठेवायचं कारण ९६ मिमी व्यासाचा कोर त्याच वेगाला मिनिटाला जवळजवळ २००० फेरे घेतो.

थरथर नाही. आर्मवर हात ठेवून उभी राहिले, नुसती गुणगुण.

२७ मे

स्टॉपच्या चाचण्या. हेड आणि कोर दोन्हींवर खडूची एक रेघ ओढली, गार्ड बंद, माणसं पिवळ्या पट्टीबाहेर. आधी अर्धा रोल, मग पूर्ण. पेपर शाबूत ठेवून पाच स्टॉप: रेघ जुळलेली. मग ब्लेड मारून पेपर मुद्दाम तोडला. पहिल्या वेळी रेघ ४ मिमी सरकली, दुसऱ्यापासून हलली नाही. कोर कापून बघितला: दात पहिल्या दणक्याला पुठ्ठ्यात बसले आणि तिथेच राहिले. खाचा स्वच्छ, भुगा नाही.

कडं जागेवर. चाव्यांवर दोन्ही अंगांना सारखी चमक.

५ जून

रात्रपाळीचा फोन, पावणेदोन. "मॅडम, परत थरथरतंय."

सकाळी जाऊन हेड काढलं. फेसवर पेपरची धूळ दाबून कडक पापुद्रा झालेला, नखाने निघतो असा. फेस टेकलेलाच नव्हता, हेड नुसतं टेपरवर डुलत होतं. बसवताना पुसलं का, विचारलं. पुसलं होतं, पण त्याच फडक्याने ज्याने त्याआधी आर्म पुसला होता.

हवेच्या झोताने फेस आपोआप साफ करायचं एक चित्र डोक्यात आलं. झडपा मोजल्यावर खोडलं. त्याऐवजी फेसचं मधलं अंग अर्धा मिमी खाली घेतलं, त्यामुळे टेकायला फक्त तीन अरुंद पट्ट्या उरल्या. धुळीला बसायला जागा कमी, पुसायलाही कमी. आणि रॅकवर साखळीला बांधलेला नायलॉनचा ब्रश. साखळी महत्त्वाची.

१८ जून

तिन्ही पाळ्यांचा बदल मोजला. ६ मिनिटं ४० सेकंद, ७ मिनिटं १० सेकंद, रात्री ६ मिनिटं ५ सेकंद. रात्रपाळी सर्वांत वेगवान आली म्हणून मी चोरून पुन्हा एकदा थांबून बघितलं. त्यांनी दोन माणसं दोन बाजूंना लावली आहेत आणि पहिला रोल संपत आला की हेडं रॅकवरून काढून पुसून तयार ठेवतात. हे मी सांगितलं नव्हतं.

बाकी तीन स्टेशनांची नाकं लेथवर.

२६ जून

मोटरच्या बाजूच्या तीन इंची हेडाचे दात बोटाने तपासले. एका अंगाला धार गुळगुळीत झाली आहे, दुसऱ्या अंगाला अजून नवी. गुंडाळण्याचा टॉर्क दिवसभर, उलटा टॉर्क कधीमधी, तेव्हा हे होणारच. नव्या पट्ट्यांची ऑर्डर लिहायला घेतली.

काकांनी एक पट्टी स्क्रू सोडून काढली, टोकं उलटसुलट फिरवली आणि पुन्हा लावली. झिजलेलं अंग आता स्टॉपच्या बाजूला गेलं.

"ऑर्डर सहा महिन्यांनी लिहा," म्हणाले.